लॅपटॉपवर सगळ्या लेव्हल पार, पण पुस्तकातलं 'पिन' वाचता येईना

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, रागवू नका, कारण अगदी हीच गोष्ट माझ्या स्वतःच्या भाच्यासोबत झालेली आहे, ते पुढे सांगते. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सव्वापाच वर्षांचा, सिनियर केजी, इंग्लिश मीडियम, घरात सगळे मराठी बोलतात. मिस्टरांनी वर्षाचे पैसे भरून फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणारा, कॉम्प्युटर प्रोग्रॅम घेतला, चार महिन्यांत पोराने निम्म्याहून जास्त लेव्हल संपवल्या, स्टार्सचा नुसता ढीग, आणि परवा आजोबांनी पुस्तक उघडून पी-आय-एन वर बोट ठेवलं तर तो म्हणाला 'पेंग्विन'. आता विचारताय की प्रोग्रॅम बंद करू का, आणि मराठी आधी शिकवू का इंग्लिश आधी.

मी डोंबिवलीत सोळा वर्षं लहान मुलांचा वाचनाचा क्लास घेते, त्याआधी बालवाडीवर होते. कॉम्प्युटरवरचे फोनिक्सचे प्रोग्रॅम सीडीवर यायचे तेव्हापासून वापरतेय, म्हणजे कॉम्प्युटर वाईट आणि पाटी चांगली असं काही माझं म्हणणं नाही. प्रोग्रॅम बंद करू नका. पोराला त्याच्यासमोर एकट्याला बसवणं बंद करा. माझं सगळं उत्तर एवढंच आहे खरं तर, पण का आणि कसं ते सांगते.

आधी काय झालंय ते बघा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये आवाज येतो, समोर तीन-चार चित्रं किंवा शब्द येतात आणि त्यातल्या बरोबर असलेल्यावर क्लिक करायचं असतं. म्हणजे पोराला शब्द वाचायचा नसतोच, ऐकलेल्याशी जुळणारा निवडायचा असतो. 'पिन' ऐकलं, पी ने सुरू होणारा एकच शब्द समोर आहे, केलं क्लिक, मिळाला स्टार, मधला आय आणि शेवटचा एन कोणी बघितलाच नाही. पोरं हुशार असतात हो, चौथ्या दिवशी त्यांना कळतं की पहिलं अक्षर बघितलं की काम भागतं, आणि चुकलं तरी काय, 'ट्राय अगेन' येतं मग दुसऱ्यावर क्लिक. माझा भाचा असाच एक अख्खा प्रोग्रॅम संपवून बसला होता, सर्टिफिकेटचा प्रिंट फ्रिजवर लावलेला, आणि मी साध्या कागदावर 'टॅप' लिहून दिलं तर माझ्या तोंडाकडे बघायला लागला. का तर तो चित्र येण्याची वाट बघत होता!

म्हणून आज संध्याकाळी एक टेस्ट करा, पाच मिनिटांची. लॅपटॉप मिटवा. कोऱ्या कागदावर पेन्सिलने इंग्लिश स्मॉल लेटर्समध्ये, ठळक मोठ्या आकारात, पाच शब्द लिहा: सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप. आणि दोन खोटे शब्द लिहा, ज्यांना काही अर्थच नाही, उदाहरणार्थ 'टिस' आणि 'नॅस'. खोटे शब्द सगळ्यात महत्त्वाचे, कारण ते पाठ असू शकत नाहीत आणि चित्रावरून ओळखता येत नाहीत, जोडूनच वाचावे लागतात. इंग्लंडमध्ये 2012 पासून सरकारी शाळांत पहिलीच्या शेवटी फोनिक्सची तपासणी होते, त्यात 40 शब्द असतात आणि त्यातले 20 असेच बिनअर्थाचे, पोराला कळावं म्हणून बाजूला परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं की हे त्याचं नाव आहे. आपणही सांगायचं, हे एका राक्षसाचं नाव आहे, वाच बरं.

सातपैकी पाच-सहा आले तर तुमचा मुलगा मस्त चाललाय, आजोबांसमोर घाबरला असेल. आवाज सुटे सुटे बरोबर म्हणतोय पण जोडता येत नाहीयेत, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. (माझा अंदाज हाच आहे.) आणि आवाजच आठवत नसतील तर प्रोग्रॅम खूप पुढे गेलाय, सरळ पहिल्या लेव्हलवर न्या, स्टार्स गेले तर गेले.

आता जोडणं. इथे आपण मराठी आयाबाबा एक चूक करतो आणि आपल्याला ती कळतही नाही, कारण ती आपल्या लिपीतच बसलेली आहे. आपल्या 'ब' मध्ये 'अ' आधीच आहे ना! त्यामुळे बी चा आवाज काय विचारलं की आपण म्हणतो 'ब', टी चा 'ट'. मग पोर बिचारं म्हणतं 'ब - ॲ - ट', आणि कितीही भरभर म्हणलं तरी ते 'बदक' सारखं तीन अक्षरांचं होतं, 'बॅट' काही होत नाही. तुम्ही पण ऐका स्वतःला, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, मी नवीन टीचर्सना पहिल्या दिवशी हेच करायला लावते आणि सगळ्या लाजतात. उपाय आपल्या शाळेतलाच आहे: अक्षराचा पाय मोडा. 'ब' नाही 'ब्', 'ट' नाही 'ट्', 'म' नाही 'म्म्म्'. 'ब्-ॲ-ट्', लगेच 'बॅट'. पोराला हे समजावून सांगायची गरज नाही, तुमच्या तोंडातून पाय मोडका आवाज आला की झालं.

आणि गंमत म्हणजे जोडण्याचं तत्त्व आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, बाराखडी म्हणजे दुसरं काय आहे? क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. व्यंजन तेच, स्वर बदलतोय. म्हणून मी क्लासमध्ये इंग्लिश स्वर बाराखडीसारखे घेते: टॅ, टे, टि, टॉ, ट. आधी हा तुकडा पक्का, मग शेवटचा आवाज लावायचा, 'टॅ' ला 'प्' लावला 'टॅप', 'टि' ला 'प्' लावला 'टिप'. इंग्लंड-अमेरिकेतल्या टीचर्सना ही पद्धत दाखवली तर त्या काय म्हणतील माहीत नाही, पण ज्या घरात आजी बाराखडी म्हणते त्या घरात हे दोन दिवसात जमतं.

सुरुवात ताणता येणाऱ्या आवाजांनी करा. 'स्', 'म्', 'न्', 'फ्' हे श्वास संपेपर्यंत ताणता येतात, 'स्स्स्ॲॲॲट्' म्हणताना मध्ये गॅपच पडत नाही, म्हणून पोराला जोड ऐकू येतो. 'ब्', 'ट्', 'क्' फटकन फुटून संपतात, ते सुरुवातीला आले की कठीण, शेवटी आले तर चालतं. म्हणून 'सॅट' आधी, 'कॅट' नंतर, आपण मात्र सगळे सी-ए-टी कॅट पासून सुरू करतो, पिढ्यान्‌पिढ्या. जॉली फोनिक्स तुम्ही ऐकलं असेल, इंग्लंडमधल्या सू लॉइड आणि सारा वर्नहॅम या शिक्षिकांचं, 1992 मध्ये आलेलं, बऱ्याच इंग्लिश मीडियम शाळांत तेच चालतं. त्यात 42 आवाज आहेत आणि सुरुवात ए-बी-सी-डी ने नाही तर एस, ए, टी, आय, पी, एन ने होते. कारण या सहा अक्षरांत लगेच ढीगभर शब्द बनतात. आपल्याकडे अ-आ-इ-ई सोडून ग-म-भ-न पासून शिकवायचे ना, तसंच थोडंसं, फक्त तिथे वळणावरून जमवलेली अक्षरं होती आणि इथे शब्द बनवण्यावरून. तुमच्या प्रोग्रॅमचा क्रम काय आहे ते बघा, आणि शाळेचा क्रम काय आहे ते टीचरला विचारा. दोन्ही वेगळे असतील तर शाळेचा धरा आणि प्रोग्रॅममध्ये त्या त्या अक्षराच्या लेव्हल उड्या मारून निवडा, तशी सोय नसेल तर तो प्रोग्रॅम तुमच्या कामाचा कमी.

मोठं माणूस शेजारी हवं हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाहीये. फिनलंडमध्ये युवास्क्युला विद्यापीठात ग्राफोगेम नावाचा खेळ तयार झाला, आवाज ऐकून अक्षर पकडायचं असा, आणि तो बऱ्याच देशांत, बऱ्याच भाषांत वापरून बघितला गेला. नॉर्वेतल्या संशोधकांनी हे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासले तर शब्द वाचण्यात सरासरी फरक जवळपास शून्य निघाला, पण जिथे मोठं माणूस मुलासोबत चांगलं गुंतलेलं होतं तिथे फरक दिसला, आणि बरा दिसला. खेळ तोच हं. मला तर वाचून 'हे आमच्या शेजारच्या काकू पण सांगतील' असं झालं, पण आकड्यात बघितलं की मिस्टरांना पटवायला सोपं जातं.

शेजारी बसून करायचं काय, तर फार काही नाही. दहा-बारा मिनिटं स्क्रीन, त्यापेक्षा जास्त नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात सगळा स्क्रीन मिळून एक तासाच्या आत असावा असं डब्ल्यूएचओ सांगतं, पाच पूर्ण झाली म्हणून लगेच सूट मिळाली असं नाही, आणि तुमच्याकडे टीव्ही, आजोबांचा मोबाईल हे सगळं धरून हिशोब करा. क्लिक करायच्या आधी त्याने शब्द तोंडाने म्हणायचा, हा घरचा नियम. माऊस तुमच्या हातात ठेवा, तो म्हणेल तेव्हा तुम्ही क्लिक करा! पहिले दोन दिवस रडारड होईल, पण अंदाजपंचे क्लिक करणं तिथेच थांबतं. मग लॅपटॉप बंद, आणि आज जे अक्षर आलं ते कागदावर. माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे कापलेले कार्ड आहेत, जाड असतात, फाटत नाहीत, शेकडो झालेत आता. तीन कार्ड मांडायची, 'सॅट', मग एकच बदलायचं, 'पॅट', मग मधलं बदलायचं, 'पिट', मग शेवटचं, 'पिन'. पाच मिनिटं. बदललेलं अक्षर त्यानेच उचलून ठेवायचं, हाताला काम मिळालं की डोकं पण चालतं.

स्वयंपाक करताना रोबोटची भाषा खेळा, कागद-स्क्रीन काहीच लागत नाही. 'मला क्-अ-प् दे.' त्याने ओळखायचं, कप. घरात मराठी आहे म्हणता ना, मग मराठीतच खेळा की, 'प्-ओ-ळ्-ई' दे. कान तयार व्हायला भाषा कुठलीही चालते. जरा मोठा झाला की च ची भाषा शिकवा, आम्ही लहानपणी बोलायचो ती, 'काय करतोस' चं 'चायक चरतोसक'. पहिलं व्यंजन काढून तिथे च घालायचा आणि काढलेलं शेवटी टाकायचं, याच्याइतका भारी आवाजाचा व्यायाम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मी बघितला नाहीये, आणि ज्या पोरांना ही भाषा जमते ती जोडण्यात कधी अडकलेली मला आठवत नाहीत.

आता कॉम्प्युटरच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. ब्लूटूथ स्पीकर लावू नका, त्यात आवाज किंचित उशिरा येतो, अक्षर चमकून गेल्यावर आवाज ऐकू येतो, मोठ्यांना फरक पडत नाही पण पोराला अक्षर आणि आवाज एकाच वेळी मिळायला हवेत. वायरचा साधा हेडफोन नाहीतर लॅपटॉपचाच स्पीकर, पंखा कमी करून. कीबोर्डवर सगळी अक्षरं कॅपिटल असतात आणि प्रोग्रॅम दाखवतो स्मॉल, म्हणजे टाईप करायची लेव्हल आली की पोर गोंधळलंच, तिथे स्मॉल अक्षरांचे छोटे स्टिकर लावून टाका. फॉन्ट पण बघा, स्मॉल ए दोन प्रकारचा असतो, एक वहीत लिहितो तो गोल आणि एक डोक्यावर टोपी असलेला, जी चं पण तसंच. पोराला सांगावं लागतं की हे दोघे एकच आहेत, वेगळ्या कपड्यातले. मी एकदा एका मुलीला आठवडाभर 'हिला ए येत नाही' म्हणत होते आणि तिला बिचारीला फक्त टोपीवाला ए माहीत नव्हता, अजून आठवलं की ओशाळायला होतं.

उच्चार. प्रोग्रॅम अमेरिकन असेल तर 'हॉट' हे 'हाट' सारखं ऐकू येतं आणि 'वॉटर' मधला टी जवळजवळ 'ड' होतो. आपल्या शाळेत टीचर 'हॉट' म्हणते. सुरुवातीच्या वर्षात हा घोळ नको, शक्यतो ब्रिटिश किंवा भारतीय आवाजाचा प्रोग्रॅम घ्या, आणि घेतलाच असेल अमेरिकन तर ओ च्या लेव्हलला आवाज बंद करून तुम्हीच म्हणा. तुमचा उच्चार इंग्रजाळलेला नाही म्हणून लाजू नका. दोनच ठिकाणी जरा लक्ष द्या: व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व' म्हणतो, व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यू ला ओठांचा चंबू करायचा, आरशासमोर करून दाखवा पोराला मजा येते. आणि बॅट चं 'ब्याट' करू नका, नाहीतर पोर त्यात वाय शोधत बसेल, खरंच शोधतात.

कुठला प्रोग्रॅम असंही खाली दोघांनी विचारलंय. टीच युवर मॉन्स्टर टू रीड हा ब्रिटिश आहे, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फुकट चालतो, उच्चार स्वच्छ आहेत, मी सगळ्यात जास्त हाच वापरते. स्टारफॉल 2002 पासून आहे, अमेरिकन, दिसायला जुनाट पण भडक नाही आणि म्हणूनच मला आवडतो, काही भाग फुकट आहे. गूगलचं रीड अलाँग 2019 मध्ये आपल्याकडे 'बोलो' नावाने आलं होतं, त्यात पोर मोठ्याने वाचतं आणि ते ऐकतं, मराठी गोष्टी पण आहेत. पण ते जोडायला शिकल्यानंतरचं आहे, आधीचं नाही. आवाज ओळखणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमचा निकाल शेवटचा मानू नका, लहान मुलांचे बोबडे उच्चार मशिनला नीट कळत नाहीत, बरोबरला चूक आणि चुकीला बरोबर दोन्ही होतं, कान तुमचेच ठेवा.

मराठी आधी का इंग्लिश आधी? दोन्ही चालू ठेवा, पण मराठी मागे टाकू नका. इंग्लिशमध्ये 26 अक्षरं आणि साधारण 44 आवाज, म्हणजे एकेक अक्षर दोन-तीन कामं करतं. आपल्याकडे अक्षर बघितलं की आवाज ठरलेला, थोडे अपवाद सोडले तर, जसं की चहातला च आणि चमच्यातला च लिहिताना एकच असतो, किंवा 'घर' लिहितो आणि शेवटचा अ गिळून 'घर्' म्हणतो. त्यामुळे घर, नळ, बदक, मगर असे बिनकान्यामात्रेचे शब्द पोराला लवकर जमतात आणि 'मला वाचता येतं' हा जो फील येतो ना, तो इंग्लिशला पण उपयोगी पडतो. आणि दुसरं, अर्थ. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे की समजून वाचणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा कळणं, बेरीज नाही हं, गुणाकार, एक शून्य असेल तर उत्तर शून्य. प्रोग्रॅममध्ये 'विग', 'रग', 'हेन', 'डेन' असले शब्द येतात, मराठी घरातलं पोर ते खडाखड वाचेल पण डेन म्हणजे काय त्याच्या बापाला माहीत नसतं. तिथे थांबून मराठीत सांगा, डेन म्हणजे कोल्ह्याची गुहा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर गोष्टी फुकट आहेत, मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्ही, एकच गोष्ट आधी मराठीत वाचून दाखवा मग इंग्लिश उघडा, चित्रं तीच असतात.

काळजी कधी करायची ते पण सांगते कारण तुमच्या प्रश्नात भीती दिसतेय. पाचव्या वर्षी बी-डी उलटे होणं नॉर्मल आहे, सातपर्यंत मी लक्षसुद्धा देत नाही. पण दोन-तीन महिने रोज तुम्ही शेजारी बसून केलं आणि तरी नुसतं कानाने, कागद न दाखवता, 'स्-अ-न्' ऐकून 'सन' सांगता येत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं आणि ऐकू थोडं कमी येतं, बोलणं कळतं पण 'स्' आणि 'फ्' मधला फरक नाही कळत. डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) वगैरे शब्द एवढ्यात घरात आणू नका, सासूबाईंच्या कानावर तर अजिबात नको.

राहिला पैशाचा विषय, तुम्ही म्हणालात वर्षाचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होणार आहे आणि मिस्टर म्हणतात राहू दे. माझे पण एकदा असेच गेलेत, नाव घेत नाही, पोर वापरतच नव्हतं आणि कार्डातून कट होत राहिले. आत्ताच जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा, उरलेले आठ महिने भरपूर आहेत, त्या लेव्हलमधला कामाचा भाग तेवढ्यात संपतो. आणि आज ती टेस्ट घेतलीत की सातपैकी किती आले आणि कुठला शब्द काय वाचला ते जसंच्या तसं लिहून टाका, 'टिस' ला काय म्हणाला ते तर नक्की, त्यावरून पुढे कुठल्या लेव्हलपासून घ्यायचं ते सांगते.